डबा डोंगर चढत नाही



आज जरा भांडायचं आहे. भांडण एका काळ्या प्लास्टिकच्या डब्याशी आहे. त्यावर दंडाची बेटकुळी फुगवलेल्या माणसाचं चित्र असतं, झाकण एखाद्या गुंडाएवढं, आणि किंमत पाच-सहा हजार. पूर्वी हा डबा पाहायला नागपूरला सीताबर्डीवर जावं लागायचं. आता भंडाऱ्यात मिळतो, पवनीत मिळतो, आणि आमच्या अड्याळच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावणाऱ्या पोरांच्या तोंडीही त्याचंच नाव असतं. "गुरुजी, डब्ब्याबिगर स्टॅमिना येत नाई जी." मी म्हटलं, बाबू, तुझा आजोबा खांद्यावर नांगर घेऊन बांधीत जायचा, त्याने कोणता डबा खाल्ला होता? तर म्हणतो, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती." हे बाकी खरं. तेव्हा डबा विकणारं कोणी नव्हतं.

(बाहेरगावच्या वाचकांसाठी : हे अड्याळ म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं. अड्याळ टेकडी वेगळी, ती ब्रह्मपुरी तालुक्यात. दरवर्षी कोणी ना कोणी चुकून इकडे येतो आणि टेकडी शोधतो. इथे सगळी धानाची सपाट शेतं.)

पोरांचं सोडून देतो. त्यांचं वय आहे आरशासमोर उभं राहण्याचं. माझा राग वेगळ्या कारणाने उसळला. गावातली एक मुलगी, कॉलेजात शिकते, दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या अठ्ठावीस दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला जाणार आहे. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढलं. तिकिटाला, बुटांना, गरम कपड्यांना काढलं असतं तर मी हात जोडले असते. त्यातले अकरा हजार गेले दोन डब्यांत! कोणीतरी सांगितलं की उंचावर मांस झडतं, ते वाचवायला प्रोटीन लागतं, आणि ते घरच्या जेवणात नसतं. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं अर्धं खरं आहे. तिसरं साफ खोटं आहे, आणि अकरा हजार रुपये त्या तिसऱ्या वाक्याला दिले गेले.

मी इतिहास आणि मराठी शिकवणारा मास्तर. शरीरशास्त्र माझा विषय नाही. पण निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि नातवाकडे इंटरनेट. त्याने कागद छापून दिले, मी शब्दकोश घेऊन बसलो. जे समजलं ते सांगतो.

उंचावर हवा विरळ होते. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांवर, एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. शिखरावर एक तृतीयांश. शरीराला नुसतं जगायलाच तिथे जास्त इंधन लागतं, कारण श्वास जोरात, काळीज जोरात, त्यात थंडी आणि चढण. आणि नेमकी त्याच वेळी भूक मरते. इथे सगळी गंमत आहे. खर्च वाढतो आणि मिळकत घटते. शेतकऱ्याच्या घरी असं झालं की काय होतं ते आपण जाणतो : आधी कणगी रिकामी, मग बैल विकायचा. शरीरही आधी चरबी काढतं, मग स्नायू विकायला काढतं.

१९८५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, ऑपरेशन एव्हरेस्ट दोन या नावाचा. माणसांना डोंगरावर नेलंच नाही. एका बंद खोलीत चाळीस दिवस ठेवलं आणि खोलीतली हवा हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्याइतकी विरळ करत नेली. थंडी नाही, ओझं नाही, जेवण हवं तितकं आणि आवडीचं. तरी त्यांचं खाणं रोजच्या ३१३६ कॅलरीवरून १७८९ वर आलं आणि वजन सरासरी सात किलोंहून जास्त उतरलं. त्यातला मोठा भाग चरबीचा नव्हता, अंगाच्या मांसाचा होता. समोर ताट असून माणूस खाऊ शकत नव्हता.

मग डबेवाले म्हणतात, पाहा, मांस झडतं, म्हणून प्रोटीन घ्या. ऐकायला बरोबर वाटतं. भिंत पडली तर विटा आणा. पण हेच करून पाहिलेलं आहे!

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे, उंची ४३०० मीटर. तिथे त्यांच्या लष्कराच्या शास्त्रज्ञांनी सतरा तरुणांना तीन आठवडे ठेवलं. मुद्दाम कमी खायला दिलं, कारण मोहिमेत तसंच होतं. एका गटाला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रोटीन, दुसऱ्याला दुप्पट. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचं वजन सुमारे आठ किलोंनी उतरलं आणि मांसही सारखंच झडलं. दुप्पट प्रोटीनवाल्यांचा तिळमात्र फायदा झाला नाही. कारण सरळ आहे. एकूण जेवणच अपुरं असेल तर शरीर त्या महागड्या प्रोटीनचं मांस बनवत बसत नाही, चुलीत घालतं. सागवानाची फळी आणून सरपण केल्यासारखं.

आता दुसरा प्रयोग, त्याच डोंगरावरचा, १९९२ साली प्रसिद्ध झालेला. त्यात माणसांना भूक नसली तरी बसवून, मोजून, खर्चाइतकं पोटभर खाऊ घातलं. वजनाची घट अगदी थोडक्यात थांबली आणि प्रोटीनचा जमाखर्चही सावरला.

प्रयोग लहान आहेत, सतरा माणसं म्हणजे आमच्या वर्गातली दोन बाकं. आणि सगळे पुरुष. पण दोन्ही शेजारी ठेवा आणि मला सांगा, त्या मुलीच्या पिशवीत काय असायला हवं? दार्जिलिंगच्या संस्थेचा तळ सिक्कीममध्ये चौरीखांगला, सुमारे साडेचौदा हजार फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ पाइक्स पीकइतकाच. जेवण संस्था देते. तिथे तिने काय करायचं? ताट संपवायचं. भूक नसली तरी संपवायचं. यापेक्षा मोठी युक्ती कुठल्या डब्यात नाही.

नागपूरच्या माझ्या पुतण्याने फोनवर हरकत घेतली. "काका, भूकच लागत नसेल तर पावडर पाण्यात ढवळून पिणं सोपं नाही का?" प्रश्न चांगला आहे, उत्तरही चांगलं आहे. प्रोटीनचा एक गुण असा की ते पोट भरल्यासारखं करतं. वजन उतरवायच्या लोकांना म्हणूनच ते सांगतात. ज्याची भूक आधीच मेली आहे त्याला पोट भरल्याची खोटी खात्री देणारी वस्तू पाजायची, हा कुठला शहाणपणा? शिवाय प्राणवायूचा हिशेब पाहा. एक लिटर प्राणवायू खर्च करून पिष्टमय पदार्थांतून सुमारे पाच कॅलरी मिळतात, चरबीतून चार पूर्णांक सात. फरक सहा-सात टक्क्यांचा. घरी तो कळणारही नाही. पण जिथे प्रत्येक श्वास मोजून येतो तिथे भात, साखर, गूळ, बटाटा हेच स्वस्तातलं इंधन. शेर्पा डाळ-भात खातात, आणि भाजलेल्या सातूचं पीठ खातात, त्याला त्साम्पा म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गूळ घालून सातूचं पीठ कालवतात त्याचाच तो भाऊ. ढवळून प्यायचंच असेल तर दुधाची पावडर आहे, साखर घाला. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत तिसरा हिस्सा प्रोटीनच असतं, आणि तिच्यावर बेटकुळीचं चित्र नसल्यामुळे ती स्वस्त असते.

मी प्रोटीनच्या विरुद्ध आहे असा समज कृपा करून करून घेऊ नका. लांब पल्ल्याचा व्यायाम करणाऱ्याला प्रोटीन जास्त लागतं, हे मान्य. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सर्वसाधारण प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगते. धावणाऱ्या-चढणाऱ्यांसाठी क्रीडावैद्यकवाले १.२ पासून २ पर्यंत सांगतात. आपण मधला १.४ धरू. मुलगी पन्नास किलोंची, म्हणजे रोज सत्तर ग्रॅम. आता घरातली भांडी काढा. तांदूळ अडीचशे ग्रॅम, त्यात एकोणीस-वीस. कणीक दीडशे ग्रॅम, त्यात सोळा. तुरीची डाळ पाऊण वाटी, पंचाहत्तर ग्रॅम धरा, त्यात सोळा-सतरा. मूठभर शेंगदाणे, सात. दोन अंडी, बारा-तेरा. झाले की सत्तर! आणि डाळीत जे अमायनो आम्ल कमी ते भातात आहे, भातात जे कमी ते डाळीत. आपल्या आज्यांनी हे कुठे वाचलं नव्हतं, पण वरण-भाताची सोयरीक त्यांनीच टिकवली. अंडं नको असेल त्याने दूध-दही घ्यावं. आमच्याकडे मालगुजारी तलावांतली मासळी आहे, तिचं तर काय सांगावं... असो, तोंडाला पाणी सुटतं आणि विषय राहून जातो.

आता पैशांचं त्रैराशिक. इतिहासाचा मास्तर असलो तरी एवढं येतं. साडेपाच हजारांचा दोन किलोचा डबा, त्यात साठ चमचे, चमच्याला चोवीस ग्रॅम. एकूण चौदाशे चाळीस ग्रॅम प्रोटीन. सात रुपयांच्या हिशेबाने त्याच पैशांत पावणेआठशेहून जास्त अंडी येतात, त्यात साडेचार किलोंच्या वर प्रोटीन. एकशे तीस रुपये किलोची तूरडाळ घेतली तर बेचाळीस किलो डाळ, प्रोटीन नऊ किलोंच्या वर! भाव दर आठवड्याला हलतात, पण कितीही हलले तरी डबा यात जिंकत नाही. डब्यातलं प्रोटीन पचायला सोपं आणि उत्तम प्रतीचं असतं हे कबूल, पण सहापट उत्तम नसतं.

आणि डब्यावर लिहिलेलं डब्यात असतंच, हे कोणी सांगितलं? २०२४ साली केरळातल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. त्यांतल्या पंचवीसांच्या लेबलावरचा प्रोटीनचा आकडा खरा निघाला नाही. काहींत लिहिल्याच्या निम्मंच होतं. त्याच वर्षी मे महिन्यात पोषण संस्थेनेही आपल्या आहार-मार्गदर्शिकेत या पावडरींपासून दूर राहायला सांगितलं. एवढं होऊनही गावातला जिमवाला पोरगा डॉक्टरापेक्षा खरा, कारण त्याचे दंड दिसतात.

आता माझ्या रागाचं खरं मूळ.

१६ मे २०१८. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे, विकास सोयाम. मोहिमेचं नाव मिशन शौर्य. वीस वर्षांपूर्वी, १९९८ च्या मे महिन्यात, सुरेंद्र चव्हाण हा पहिला महाराष्ट्रीय तिथे पोचला तेव्हा आम्ही शाळेत मुलांना नकाशावर जागा दाखवली होती. आणि आता आपल्या झाडीपट्टीशेजारची, जंगलातल्या वाड्या-पाड्यांतली मुलं! मी तर त्या दिवशी पेढे आणले. आदिवासी विकास विभागाने आणि चंद्रपूरच्या प्रशासनाने निवडलेल्या मुलांना महिनोन्‌महिने तयार केलं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात काय झालं ते किती जणांना आठवतं? आदिवासी वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. मागणी काय, तर आमची खानावळ बंद करून बँकेत रोख रक्कम टाकू नका, आम्हाला जेवण द्या. वसतिगृहं वेगळी आणि आश्रमशाळा वेगळ्या, हे मी जाणतो. खातं मात्र एकच. त्याच खात्याची पाच मुलं मे महिन्यात जगाच्या माथ्यावर, आणि जुलैत त्याच खात्याची शेकडो मुलं जेवणाच्या ताटासाठी रस्त्यावर. पहिल्या बातमीला पेढे होते. दुसऱ्या बातमीला माझ्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर बोटभर जागा होती.

म्हणून मला डब्याचा राग येतो. डबा असं सांगतो की कमतरता शेवटच्या महिन्यात भरून काढता येते. निवड झाली, आता पावडर पाजा. उंची झेपणारं शरीर सहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत रोजच्या ताटातून घडतं. प्राणवायू वाहून नेतं रक्तातलं हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त! ज्या मुलीच्या रक्तात लोहच नाही तिला साडेचौदा हजार फुटांवर चमचाभर व्हॅनिलाच्या वासाचं प्रोटीन काय करणार? मी त्या आईला म्हटलं, आधी ग्रामीण रुग्णालयात पोरीचं हिमोग्लोबिन पाहून या. ते तपासायला कर्ज काढावं लागत नाही.

शाळेतल्या पोषण आहाराचं माप ठरलेलं आहे. पहिली ते पाचवी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने त्यात आठवड्याला एक अंडं घालायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. आठवड्याला एक म्हणजे काही चंगळ नव्हे. तेही काहींना खुपलं, आंदोलनं झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा पैसा बंद केला. द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आमच्या भागातल्या शाळांत लोकवर्गणी कोण देणार? ज्यांची मुलं त्या शाळेत, त्यांच्या घरीच अंडं मोजून आणलं जातं. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रोटीन असतं. डब्याच्या चमच्याचा पाव हिस्सा. ते सहा ग्रॅम सरकारला जड झाले, आणि बाजाराने तेच कर्जावर विकायला आणले.

लाखोळीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, भंडाऱ्याचा माणूस आहे. उभ्या धानात फेकून पेरायची, पाणी नको, खत नको, आणि डाळीत वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त प्रोटीन. ही डाळ खाऊन पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये देशभर तिच्या विक्रीवर बंदी आली. तिच्यात विषारी अंश आहे, खोटं नाही, आणि ती खाऊन डोंगर चढा असं मी कोणाला सांगणार नाही. पण पाय कोणाचे गेले? दुष्काळात महिनोन्‌महिने जिच्यावाचून दुसरं काही ताटात नव्हतं, त्यांचे. भात, भाजी, ताक यांच्या सोबतीने वाटीभर खाणारी आमची आजी नव्वदीपर्यंत चालत होती. भरल्या ताटात जी डाळ होती, रिकाम्या ताटात तीच विष झाली. पाइक्स पीकवरच्या त्या दुसऱ्या गटाचं दुप्पट प्रोटीन फुकट गेलं, तेही ताट रिकामं असल्यामुळेच.

आता कामाचं. मुलगी पुढच्या महिन्यात निघते. तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू, गुळाची ढेप फोडून केलेले खडे, सातूचं पीठ आणि दुधाची पावडर जाणार आहे. लाडू आमच्या घरून. रक्ताची तपासणी सोमवारी आहे. दोन डब्यांपैकी एक फोडला गेला, तो धावणारी पोरं संपवतील. दुसरा सीलबंद आहे, पावतीही आहे, पण दुकानदार परत घ्यायला तयार नाही. नागपूरच्या मंडळींपैकी कोणाची त्या बाजारात ओळख असेल तर मला फोन करा. साडेपाच हजारांत तिचे बूट येतात.